परसातली उपगृहे आणि शौचकूप

मराठी भाषेने शौचविधीचे नाव घेणे शक्यतो टाळले आहे. त्याऐवजी तिने ठिकाणाचे किंवा दिशेचे नाव पुढे केले. 'परसाकडे जाणे', 'बहिर्दिशेस जाणे', 'झाड्यास जाणे', 'बाहेर जाऊन येणे' हे सारे प्रयोग कृतीविषयी मौन पाळतात आणि ती घराबाहेर करावयाची असते एवढे मात्र बिनचूक सांगतात. घरामागची ही जागा म्हणजे परसू किंवा परसदार. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन असे, पाहुणा टेकत असे, लग्नाचा मांडव पडत असे. घराला हवे असलेले, पण घरात नको असलेले सारे मागच्या परसात वसवलेले असे. मुख्य घरापासून सुट्या उभ्या असलेल्या अशा लहान बांधकामांना या लेखात 'उपगृहे' म्हटले आहे. त्यांतले सर्वांत दूरचे आणि सर्वांत उपेक्षित उपगृह म्हणजे शौचकूप. त्याचा इतिहास हा येथील मुख्य विषय आहे. परंतु शेजारच्या उपगृहांचा परिचय झाल्याखेरीज त्याला परसाच्या टोकाशी का ढकलले गेले, हे नीट उमगत नाही.

उपगृहांचे वर्गीकरण करताना ती घरापासून वेगळी का काढली, ही कसोटी सर्वांत उपयोगी पडते. आगीचे भय हे पहिले कारण. कडब्याची गंज, भाताची उडवी, गोवऱ्यांचा हुडवा आणि सरपणाची खोप ही चुलीपासून लांब ठेवणे गवताच्या छपरांच्या काळात अपरिहार्य होते. ओल हे दुसरे कारण. न्हाणीघर पुष्कळदा घराला खेटून, पण वेगळ्या छपराखाली असे. त्याच्या एका कोपऱ्यात चुलवणावर पाण्याचा हंडा किंवा तांब्याचा बंब तापत असे आणि सांडपाणी पाटाने अळवाच्या, कर्दळीच्या वा केळीच्या वाफ्यात सोडलेले असे. न्हाणीमागचे अळू नेहमी का माजते, याचे उत्तर या रचनेत आहे. शहरातल्या सांडपाणी योजनांना जे साधायला मोठा खर्च येतो, ते या वाफ्याने चार हातांच्या जागेत साधले होते.

जनावरे हे तिसरे कारण आणि गोठा हे त्यांचे उपगृह. येथे शब्दांची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. पुण्यात 'वाडा' म्हटले की चौसोपी, कारंज्याचा, सरदारी निवास डोळ्यांपुढे येतो. कोकणात अनेक ठिकाणी 'वाडा' म्हणजे गुरे बांधायची जागा. दक्षिण कोकणात घरापासून थोडे दूर, शेताच्या किंवा बागेच्या कडेला 'मांगर' असतो. जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंतींच्या या इमारतीत गुरे, गवत, अवजारे आणि प्रसंगी गडीमाणसेही सामावून जातात. एकाच छपराखाली इतकी कामे करणारे दुसरे उपगृह महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

देशावर धान्य साठवण्याचे 'पेव' हे मात्र जमिनीच्या वर न दिसणारे उपगृह आहे. पाणी न लागणाऱ्या, घट्ट मातीच्या जागी तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खोल खड्डा खणून, त्याला आतून पेंढा लावून धान्य भरत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. बंद पेवात धान्य श्वसन करीत राहते, प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडे तग धरू शकत नाहीत. हीच गोष्ट उतरणाऱ्या माणसालाही लागू पडत असल्याने पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून, मग आत दिवा सोडून पाहण्याची पद्धत होती. दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे या कलेसाठी विशेष प्रसिद्ध होती.

चौथे कारण विटाळाचे. बाळंतिणीची खोली, मासिक पाळीतील स्त्रियांसाठी पडवीचा कोपरा किंवा स्वतंत्र झोपडी ही त्याची रूपे. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया वस्त्यांत अशा झोपडीला 'कुर्माघर' म्हणतात. ते गावाच्या कडेला असते, पुष्कळदा त्याची दुरुस्तीही झालेली नसते, आणि पावसाळ्यात सर्पदंशाचे भय तेथे सर्वांत जास्त. उपगृहाचे घरापासूनचे अंतर केवळ धूर, ओल व दुर्गंधी यांवर ठरत नाही. ते कोणासाठी बांधले आहे यावरही ठरते, हे या झोपडीइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. शौचकूपाच्या बाबतीत हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. प्राचीन भारतात घराशी शौचस्थान होते की नव्हते, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोच्या घरांत विटांची शौचस्थाने व गटारे सापडली आहेत. उलट पुढच्या धार्मिक वाङ्मयाचा कल गृहस्थाला घराबाहेर पाठवण्याकडे आहे. विष्णुपुराणात घरापासून नैर्ऋत्येस, सोडलेला बाण जेथे पडेल त्याच्याही पलीकडे जावे, असे सांगितले आहे. अर्थशास्त्र या राजनीतिग्रंथाचा दृष्टिकोन नगररचनाकाराचा आहे. घरबांधणीच्या नियमांत तेथे उकिरड्याची किंवा मलाची जागा, सांडपाण्याची मोरी आणि विहीर यांचा एकत्र विचार येतो. त्यांच्या नेमून दिलेल्या जागा सोडून त्या अन्यत्र करू नयेत, असा दंडक घातला आहे आणि बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरता खणलेला खड्डा तेवढा त्यातून वगळला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजनीतिशास्त्रकाराने बाळंतिणीची अडचण लक्षात ठेवावी, हे त्या रुक्ष ग्रंथातील एक हृद्य स्थळ म्हणावे लागेल.

बौद्ध विनयपिटकातील वर्णन याहून तपशीलवार आहे, कारण भिक्षुसंघात शेकडो माणसे एकत्र राहत. तेथील शौचगृहाला पाली भाषेत 'वच्चकुटी' म्हणतात. आरंभी संघातील इतर गोष्टींप्रमाणे तेथेही ज्येष्ठतेचा क्रम पाळला जाई. परिणामी आधी येऊनही ज्येष्ठांची वाट पाहत थांबलेले नवे भिक्षू कासावीस होऊन मूर्च्छित पडू लागले. तेव्हा बुद्धाने नियम घालून दिला की, येथे ज्येष्ठता नाही. जो आधी येईल तो आधी जाईल. बाहेरच्याने खाकरावे आणि आत कोणी असल्यास त्यानेही खाकरून उत्तर द्यावे, हाही नियम तेथेच आहे. मुंबईच्या चाळीत सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहिलेल्या वाचकाला या दोन्ही नियमांचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मध्ययुगात शौचगृहाची बरीच नावे फारसीच्या वाटेने आली. 'पायखाना' सर्वपरिचित आहे. 'शेतखाना' हा जुन्या मराठीत रूढ असलेला शब्द ऐकताच शेताची आठवण होते आणि शेतात जाण्याच्या रिवाजामुळे ती व्युत्पत्ती खरीही वाटते. परंतु त्याचे मूळ 'सिहतखाना' असे आहे, म्हणजे आरोग्याचे घर. मूळ अर्थ विसरला गेला आणि शब्द आपल्या मातीत शेत होऊन उगवला. 'शौचकूप' हा संस्कृत घडणीचा शब्द आज मुख्यतः दुर्गांच्या वर्णनात भेटतो. राजगड, सिंधुदुर्ग अशा गडांवर तटाच्या जाडीतच लहान कोनाड्यासारखी जागा ठेवून, खालच्या दगडी फटीतून मळ तटाबाहेरच्या उतारावर जाईल अशी सोय केलेली दिसते. पहाऱ्यावरच्या शिपायाला जागा सोडून दूर जाता येत नाही, या लष्करी गरजेतून ही रचना आली. घरच्या शौचकूपाला घरापासून दूर नेले गेले. गडाचे शौचकूप मात्र तटातच बसवले गेले, कारण तेथे पहारा सोडणे दुर्गंधीपेक्षा महाग पडले असते.

शहरात बाणाच्या टप्प्याइतकी मोकळी जागा कोठून आणणार? तेथे जो उपाय निघाला तो आपल्या सामाजिक इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा आहे. वाड्याच्या मागच्या भिंतीशी, उंच जोत्यावर संडासांची ओळ असे. बसण्याच्या फरशीला भोक, त्याखाली टोपली किंवा डबा आणि मागच्या बाजूस एक लहान झडप. ही झडप वाड्यात उघडत नसे. ती मागच्या बोळात उघडे. त्या बोळातून भंगी म्हटल्या गेलेल्या जातींतील स्त्री-पुरुष येत, टोपली ओढून काढत, मैला पाटीत ओतून डोक्यावरून गाडीपर्यंत नेत. मुंबईत दोन इमारतींच्या पाठींमधील अशा अरुंद वाटेला 'घरगल्ली' हे नाव पडले आणि ते आजही वापरात आहे. वास्तुरचनेच्या दृष्टीने पाहता ही दुहेरी वाट फार विचारपूर्वक आखलेली होती. संडास वापरणारा आणि तो साफ करणारा यांची गाठ कधीच पडू नये, हे तिचे खरे कार्य. घर आणि शौचकूप यांमधले जे अंतर जमिनीवर कमी झाले, ते माणसामाणसांत ठेवून भरून काढले गेले.

मुंबईच्या नागरी कारभारात या कामगाराला 'हलालखोर' म्हणत. कष्टाचे खाणारा असा त्या शब्दाचा अर्थ. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात 'हलालखोर कर' या नावाचा स्वतंत्र कर आहे. नाव इतके सन्मानाचे आणि काम असे, हा विरोध त्या काळच्या कायदेपंडितांना खटकला नसावा.

१९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. त्यापुढे केंद्र सरकारची मलकानी समिती १९५७ साली नेमली गेली आणि डोक्यावरून मैला वाहणे थांबवण्यावर तिने भर दिला. टोपलीचे संडास बांधण्यास व चालवण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा मात्र १९९३ साली आला आणि तो अपुरा ठरल्याने २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला. पहिल्या चौकशीपासून पहिल्या मनाईपर्यंत ४४ वर्षे गेली. झडपेची एक फळी बदलायला एखाद्या सुताराला अर्धा दिवस लागला असता, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही.

गोव्यात याच प्रश्नाला निराळे उत्तर सापडले होते. तेथील जुन्या घरांच्या मागे, जोत्यावर बांधलेल्या छोट्या खोलीतून एक उतरती घळ बाहेर येई आणि तिच्या तोंडाशी डुकरे येत. मळाची विल्हेवाट तत्काळ लागे. पाणी लागत नसे आणि कोणा माणसाच्या डोक्यावर पाटी येत नसे. या अर्थाने ही व्यवस्था टोपलीच्या संडासापेक्षा निश्चित अधिक सभ्य होती. तिचा दोष आरोग्याचा आहे. डुकरातील फीतकृमीचे जीवनचक्र नेमके याच मार्गाने पूर्ण होते: माणसाच्या मळातून अंडी डुकराच्या पोटात, आणि नीट न शिजलेल्या मांसातून कृमी पुन्हा माणसात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आणि सेप्टिक टाकी आल्यावर ही घळ हळूहळू बुजत गेली.

टोपलीच्या संडासावर महाराष्ट्रात सर्वांत मूलगामी विचार ज्यांनी केला, ते सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). कोकणचे गांधी म्हणून ते ओळखले जातात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम आपल्याकडे द्यावे, अशी मागणी केली. जातीने ब्राह्मण असलेल्या कैद्याला ते काम देता येत नाही, अशी तुरुंगाची भूमिका होती. अप्पासाहेबांनी अन्न सोडले आणि त्या वर्षी डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे चर्मालय आणि मळापासून खत हे तेथील दोन प्रमुख प्रयोग. दोन्ही नेमके तेच व्यवसाय, जे समाजाने गावकुसाबाहेर टाकले होते.

त्यांची दृष्टी समजण्यासाठी 'सोनखत' हा शब्द ध्यानी घ्यावा लागतो. मानवी मळाच्या खताला मराठी शेतकऱ्याने दिलेले हे नाव. खताला सोने म्हणायचे आणि ते वाहणाऱ्याला शिवायचे नाही, या विसंगतीवर अप्पांनी बोट ठेवले. त्यांचा उपाय यंत्रशास्त्रीय होता. मैला ओला आणि घाण असेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. तो मातीसारखा झाला की कोणालाही लावता यावा. गोपुरी पद्धतीच्या संडासात बैठकीखाली जमिनीच्या वर बांधलेले कप्पे असत. एक कप्पा वापरात असताना प्रत्येक वेळी मळावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. कप्पा भरला की तो बंद करून बैठक दुसऱ्यावर न्यायची. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील माल कुजून कोरडा, निर्गंध होतो आणि मागच्या दारातून फावड्याने काढता येतो.

कोरड्या मातीचा हा गुण याआधी इंग्लंडात हेन्री मूल या धर्मोपदेशकाच्या लक्षात आला होता. त्याने १८६० साली मातीच्या संडासाचे एकस्व घेतले आणि ती पद्धत हिंदुस्थानातील तुरुंगांत व बराकींत वापरली गेली. परंतु तेथे माती टाकल्यानंतरची बादली उचलण्याचे काम पुन्हा ठरावीक कैद्यांवर वा कामगारांवरच पडे. मूलने दुर्गंधी घालवली. अप्पांना बादलीच घालवायची होती. जमिनीवरच्या दुहेरी कप्प्यांच्या शौचालयांविषयीच्या आंतरराष्ट्रीय लेखनात 'गोपुरी' हे नाव आढळते, याची महाराष्ट्राला पुरेशी माहिती नाही.

वर्ध्याजवळ पवनारला राहणारे विनोबा भावे १९४६ पासून काही काळ खांद्यावर फावडे टाकून रोज सुरगावला चालत जात आणि गावकऱ्यांनी रस्त्याकडेला केलेली घाण मातीखाली पुरत. सफाई स्वतःच्या हाती घेणाऱ्या या गांधीवादी परंपरेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कठोर आक्षेपही येथे नोंदवला पाहिजे. सफाईच्या कामाला पवित्र ठरवून त्याचे गुणगान त्याच जातींना ऐकवणे म्हणजे त्यांना तेथेच बांधून ठेवणे, असे त्यांचे म्हणणे होते. अप्पांच्या कप्प्याचे महत्त्व या आक्षेपाच्या उजेडात अधिक जाणवते. तो कप्पा कोणाला उपदेश करीत नाही. तो ते काम शिल्लकच ठेवत नाही.

तरीही गोपुरी संडास घराजवळ आला नाही. त्याला भरपूर कोरडी माती हवी, ती टाकण्याची शिस्त हवी आणि कोकणच्या पावसात दोन्ही गोष्टी अवघड. आपल्याकडे शौचानंतर पाणी वापरण्याची रीत असल्याने कप्पा कोरडा ठेवणे आणखी कठीण होई. शौचकूपाला परसाच्या टोकावरून घराच्या भिंतीपर्यंत आणण्याचे काम अखेर पाण्याने केले, तेही फार थोड्या पाण्याने.

लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचपात्राखालच्या नळीला वाकण देण्याचे एकस्व मिळवले. वाकलेल्या नळीत थोडे पाणी कायम साठून राहते आणि पलीकडचा वायू अलीकडे येऊ शकत नाही. माशीलाही वाट उरत नाही. या साठलेल्या पाण्याला आपण 'जलबंध' म्हणू. शहरातील संडासात तो सामान्यतः ५० मिलिमीटर खोल असतो आणि टाकीतले कित्येक लिटर पाणी एका वेळी खर्ची पडते. ग्रामीण शौचपात्रात भारतीय अभियंत्यांनी दोन बदल केले. पात्राचा उतार २५ ते २८ अंशांपर्यंत तीव्र केला आणि जलबंध २० मिलिमीटरवर आणला. परिणामी दीड ते दोन लिटर पाणी, म्हणजे साधारण एक मोठे टमरेल, पुरेसे होते. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या घरात हा फरक फार मोठा आहे. बोटाच्या एका पेराएवढ्याही नसलेल्या या पाण्याने जे केले, ते पुराणकाराच्या बाणालाही जमले नव्हते: माणूस घरातच राहिला आणि दुर्गंधी बाहेर गेली.

या पात्राची जोड दोन शोषखड्ड्यांशी घातली की रचना पूर्ण होते. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली पाटण्यात सुलभ संस्था स्थापून या पद्धतीचा देशभर प्रसार केला. पाच माणसांच्या कुटुंबासाठी सुमारे एक मीटर व्यासाचे आणि तितक्याच किंवा किंचित अधिक खोलीचे दोन खड्डे पुरतात. भिंतीच्या विटा मध्ये फटी ठेवून जाळीसारख्या रचायच्या आणि तळ मातीचाच ठेवायचा, म्हणजे पाणी व वायू भोवतालच्या जमिनीत मुरतात. एक खड्डा भरायला तीनेक वर्षे लागतात. तो भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिल्याला किमान एक ते दीड वर्ष विश्रांती द्यायची. ही विश्रांती लांबलचक असण्यामागे कारण आहे. रोगजंतूंपैकी बहुतेक लवकर मरतात. जंताची अंडी मात्र टणक कवचामुळे सर्वांत शेवटी निकामी होतात. त्यानंतर जे उरते ते सोनखतच.

जमिनीचा स्वभाव येथे निर्णायक ठरतो. कोकणच्या जांभ्यात पाणी झटकन मुरते. म्हणून तेथे खड्डा विहिरीपासून १५ मीटर तरी दूर ठेवण्याची काळजी अधिक घ्यावी लागते. मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीत उलट अडचण. ती पावसाळ्यात फुगून पाणी घेईनाशी होते, खड्डा तुंबतो आणि घरातले लोक पुन्हा टमरेल उचलतात. तेथे खड्ड्याभोवती वाळू आणि विटांच्या तुकड्यांचा थर भरावा लागतो. एकाच नकाशावर सर्व जिल्ह्यांत संडास बांधणाऱ्यांनी ही साधी गोष्ट अनेकदा विचारात घेतलेली नाही. पावसाळ्यातली मोकळी बहिर्दिशा तर आणखी घातक. अंकुशकृमी ओलसर, सावलीच्या मातीत वाढतो आणि अनवाणी तळव्यातून शरीरात शिरतो. नारळी-पोफळीच्या बागेतून पहाटे अनवाणी जाणाऱ्याला त्याने गाठावे, अशीच ही परिस्थिती.

पुण्याजवळच्या देहू या तुकोबांच्या गावी १९५९ साली आरोग्यकेंद्राचे डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी एक पाऊल पुढे टाकले. मळ नुसता कुजू न देता हवाबंद टाकीत त्यापासून इंधनवायू काढायचा, या दिशेने त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांच्या संयंत्राचे नाव 'मलप्रभा'. देहूत त्यांनी उभारलेल्या प्रशिक्षण संस्थेला अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव आहे. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. संडासाच्या वायूवर स्वयंपाक करायला लोक तयार होतील का, हा प्रश्न त्यांना पुष्कळांनी विचारला असणार. वायूची शेगडी पेटली की ज्योत निळीच दिसते, हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर.

सरकारी मोहिमांचा इतिहास अलीकडचा असल्याने थोडक्यात सांगतो. गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्राने २०००–०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळी रा. रा. उर्फ आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री होते. गावांनी श्रमदानाने आपापले रस्ते स्वच्छ करावेत आणि स्पर्धेत उतरावे, ही कल्पना खराटा हाती घेणाऱ्या गाडगेबाबांच्या रीतीला साजेशी होती. याच काळात 'हागणदारीमुक्त' हा रोखठोक शब्द सरकारी कागदावर आला. आरंभी सांगितलेल्या भाषिक मौनाचा तो शेवट म्हणता येईल. पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठणारी 'गुड मॉर्निंग पथके' मात्र अनेक ठिकाणी सफाईपेक्षा अपमानच अधिक करून गेली. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि शौचालयासाठी कुटुंबाला १२,००० रुपयांचे साहाय्य मिळू लागले. बांधकामांची संख्या वाढली. त्यांतल्या काहींत आज गोवऱ्या, सरपण आणि नारळाची सोडणे रचलेली आढळतात. याला लोक हसतात. पण परसातल्या कोरड्या, छपराच्या, कडी लागणाऱ्या खोलीचा असा उपयोग होणे हे उपगृहांच्या परंपरेला धरूनच आहे. पाणी नसेल तर ते संडास राहत नाही, सरपणाची खोप होते.

शहरात शौचकूप घराच्या पोटात शिरले आहे. नव्या सदनिकेत झोपण्याच्या खोलीला लागून त्याचे दार असणे प्रतिष्ठेचे मानतात. आजोबांच्या पिढीला ही रचना सांगितली असती तर त्यांनी पाणीसुद्धा घेतले नसते. मात्र मळ डोळ्यांआड झाला म्हणजे माणसाचे काम संपले, असे येथेही नाही. सेप्टिक टाकीत साचलेल्या विषारी वायूने गुदमरून सफाई कामगार मरण पावल्याच्या बातम्या येत राहतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना टाकीत व गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे. पेवात उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहणाऱ्या शेतकऱ्याला जे भान होते, ते टाकीचे झाकण उघडणाऱ्या ठेकेदाराला असतेच असे नाही.

दोन खड्ड्यांच्या संडासात हा धोका जवळजवळ उरत नाही. अट एवढीच की दोन्ही खड्डे पाळीपाळीने चालले पाहिजेत. गावोगावी होणारी सर्वांत सामान्य चूक नेमकी येथे आहे. गवंडी दोन्ही खड्डे खणतो, जोडकुंडीतून, म्हणजे पात्राची नळी जेथे दोन खड्ड्यांकडे फुटते त्या लहान कुंडीतून, दोन्हीकडे नळ्या सोडतो आणि दोन्ही तोंडे उघडीच ठेवून झाकण बसवून जातो. मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात, विश्रांती कोणालाच मिळत नाही आणि सोनखत कधीच तयार होत नाही. ही चूक सुधारण्याजोगी आहे. जोडकुंडीचे झाकण उचलावे, एका नळीच्या तोंडाशी वीट बसवावी, भोवती ओली चिकणमाती लिंपावी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला महिना व वर्ष खडूने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी कोणते तोंड मोकळे करायचे, हे घरातल्या कोणालाही त्यावरून कळते.